मधे एकही खांब नाही!

शाळेच्या स्नेहसंमेलनात कधी खांबामागची जागा वाट्याला आली आहे? स्टेजवर आपल्याच वर्गातला पोरगा अफजलखान होऊन गडगडाटी हसतोय आणि आपल्यासमोर आहे फक्त चुना लावलेला खांब. मान डावीकडे केली की खानाची दाढी, उजवीकडे केली की महाराजांचा जिरेटोप. दोघं एकत्र काही दिसत नाहीत, आणि नेमकी वाघनखं बाहेर निघतात तेव्हा पुढच्या रांगेतला कुणीतरी उभा राहतो.

पुढच्याला खाली बसवता येतं. खांबाला कोण बसवणार? आणि तो काढून टाकावा म्हटलं तर वरचं छत खाली येईल.

मग दिल्लीत देशोदेशीचे पाहुणे एकाच छताखाली बसतात, त्या सभागृहांत मधे खांब का नसतात? तिथलं छत कशावर उभं आहे? या प्रश्नामागे दोन-सव्वादोन हजार वर्षांची गोष्ट आहे. ती लोणावळ्याला जाते, दिल्लीला जाते, नागपूरला परत येते. सुरू मात्र आपल्या भंडारा जिल्ह्यात होते, वैनगंगेच्या काठावरच्या पवनीत.

पवनीत देवळं इतकी आहेत की लोक तिला विदर्भाची काशी म्हणतात. तिथे जगन्नाथ टेकडी आहे. लोक पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर चढत-उतरत होते. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तिथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जे. पी. जोशी हे पुरातत्त्वज्ञ त्याचे प्रमुख होते. माती बाजूला होत गेली तशा खालून विटा निघाल्या, मग कोरीव दगड निघाले, आणि कळलं की ही टेकडी म्हणजे एक भलामोठा बौद्ध स्तूप आहे! सांचीच्या प्रसिद्ध मोठ्या स्तूपाच्या तोडीचा.

स्तूपाभोवती दगडी कठडा होता. उभे खांब आणि त्यांत अडकवलेल्या आडव्या पट्ट्या, असा. त्यावर बोधिवृक्ष कोरलेला, धम्मचक्र कोरलेलं, बुद्धांवर फणा धरणारा नागराज मुचलिंदही कोरलेला. आणि ब्राह्मी लिपीत नावं! ज्यांनी या कामासाठी दान दिलं, त्यांची. आजही आपल्या सभागृहात गरगरणारा पंखा थांबला की त्याच्या पात्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’ असं लिहिलेलं दिसतंच. दान द्यावं आणि नाव राहावं, ही हौस आपल्याकडे बरीच जुनी आहे.

पण या स्तूपाच्या आत जाता येत नाही. तो भरीव असतो. आत खोली नाही, दार नाही, खिडकी नाही. लोक जमायचे ते बाहेर. भोवती प्रदक्षिणा घालायची, कठड्याशी थांबायचं, प्रवचन ऐकायचं. छत म्हणजे आभाळ. खांबाची कटकटच नाही!

आता आपल्याकडचा मे महिना आठवा. मग जुलै आठवा. बौद्ध भिक्खूंना तर नियमच होता की पावसाळ्यात गावोगाव फिरायचं नाही, एका ठिकाणी राहायचं. राहायचं म्हणजे रोज एकत्र बसायचं, म्हणजे डोक्यावर छप्पर हवं. तेव्हा जंगलात लाकूड भरपूर होतं. लाकूड वाकवून कमानी केल्या, कमानींवर छप्पर घातलं, आणि सभेला जागा झाली. त्या लाकडी इमारती ऊन-पावसाने आणि वाळवीने कधीच संपवल्या. पण त्या कशा दिसत होत्या ते आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे, कारण आपल्या कारागिरांनी त्यांची हुबेहूब नक्कल डोंगरात कोरून ठेवली आहे.

लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात जा. सुमारे ३८ मीटर लांबीचं दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, शेवटी एक छोटा स्तूप. उघड्यावरचा स्तूप असा घरात आला. आता मान वर करा. छताला ओळीने लाकडी कमानी लावलेल्या दिसतील. खऱ्या लाकडाच्या, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या!

थांबा. अख्खा डोंगर कोरून केलेल्या लेण्याला लाकडी कमानींचा आधार कशाला लागतो? लागत नाही. त्या काढल्या तरी छत जागचं हलणार नाही, कारण ते छत म्हणजे डोंगरच. खांबांचंही तेच. घारापुरीसारख्या लेण्यांत काही खांब खालून तुटून गेले होते, तरी वरचं छत जिथल्या तिथे होतं. मग केलं कशाला? सभागृह म्हटलं की कमानी आणि खांब असतातच, असं तेव्हाच्या माणसांच्या डोळ्यांत बसलं होतं म्हणून. मला तर वाटतं, त्या कारागिरांना कमानींशिवायचं छत उघडंबोडकं दिसलं असतं.

पण कमानच का? सरळ आडवी तुळई का नाही?

यासाठी दप्तरातला खोडरबर काढा. लांबटसा, मऊ. त्याच्या कडेवर पेनाने जवळजवळ उभ्या रेघा ओढा. आता तो दोन्ही टोकांना धरून असा वाकवा की मधला भाग खाली जाईल. रेघांकडे नीट बघा. वरच्या बाजूला त्या एकमेकींजवळ सरकतात आणि खालच्या बाजूला फाकतात. म्हणजे वर रबर दाबलं जातंय आणि खाली ताणलं जातंय. छताच्या आडव्या तुळईचं हेच होतं. वरून वजन आलं की ती जराशी वाकते, तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते.

दगडाला दाबाचं काही वाटत नाही. त्याच्यावर कितीही ओझं रचा. ताण मात्र त्याला सोसत नाही. तुळई लांब केली की तिच्या खालच्या बाजूला चीर पडते आणि तुकडे होतात. म्हणून जुन्या देवळांत खांब इतके जवळजवळ असतात. कारागिराला हौस होती म्हणून नव्हे. दगड त्याहून लांब टिकत नव्हता म्हणून.

आता पुस्तकांचे दोन गठ्ठे चार बोटं अंतरावर ठेवा. त्यांच्यावर पोस्टकार्डाएवढी कागदाची पट्टी आडवी टाका आणि मधोमध एक रुपयाचं नाणं ठेवा. पट्टी झोळ धरते. तीच पट्टी वर बाक देऊन कमानीसारखी दोन गठ्ठ्यांच्या मधे बसवा. आता नाणं ठेवा. पेलते! वजन आता पट्टीच्या बाकातून दोन्ही बाजूंना, खाली सरकत जातं. सगळा मामला दाबाचा झाला. ज्यात दगड आणि वीट पटाईत, त्याच कामाला त्यांना लावलं.

एवढ्यात उठू नका. एक गठ्ठा हळूच बाजूला सरकवा. फस्स! कमान सपाट. म्हणजे कमान नुसती खाली दाबत नाही, ती बाहेरही ढकलते. हे लक्षात ठेवा. पुढे घुमट येणार आहे.

आता मोठी उडी मारू. साल १९५६.

त्या वर्षी १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीला, नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. (भंडाऱ्याच्या लोकांना बाबासाहेब आधीपासून ओळखीचे. १९५४ साली ते इथूनच लोकसभेची पोटनिवडणूक लढले होते. हरले होते, हेही खरं.) एवढी माणसं मावतील असं सभागृह नागपुरात नव्हतं, कुठेच नव्हतं. सोहळा उघड्या मैदानावर झाला.

आणि पुढच्याच महिन्यात दिल्लीत युनेस्कोची नववी सर्वसाधारण परिषद भरली. देशोदेशीचे प्रतिनिधी येणार, त्यांना बसवायचं कुठे? देश स्वतंत्र होऊन जेमतेम नऊ वर्षं झालेली. त्या सुमारास दिल्लीत एक मोठं परिषदगृह उभं राहिलं. त्याचं नाव विज्ञान भवन. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने ते बांधलं, वास्तुरचनाकार होते आर. आय. गेहलोत. मुख्य सभागृहात बाराशेहून जास्त माणसं बसतात.

या इमारतीच्या प्रवेशद्वाराचा आकार कसला आहे सांगा बरं? घोड्याच्या नालासारखी उंच कमान. अजिंठ्याच्या १९ आणि २६ क्रमांकांच्या लेण्यांच्या दर्शनी भागावर जी आहे, तीच चैत्यकमान! लेण्यात तिचं काम उजेड आत घेऊन स्तूपावर पाडायचं होतं. दिल्लीत ती पाहुण्यांना आत घेते. नव्या देशाला आपलं सभागृह आपलं दिसायला हवं होतं, आणि त्यासाठी आपल्या महाराष्ट्रातल्या डोंगरातला आकार सापडला. १९८३ साली अलिप्त राष्ट्रांची शिखर परिषद इथेच झाली, तेव्हा देशोदेशीचे प्रमुख या कमानीखालून आत गेले होते.

अशा सभागृहात एक गंमत असते, ती आपल्या गावच्या हॉलमध्ये सापडत नाही. भिंतीला लागून काचेच्या छोट्या खोल्या असतात. त्यांत दुभाषे बसतात. समजा, स्टेजवरचा पाहुणा फ्रेंचमध्ये बोलतोय. दुभाष्या कानाला लावलेल्या यंत्रातून ते ऐकतो आणि त्याच वेळी समोरच्या माइकमध्ये इंग्रजीत सांगत जातो. पाहुणा थांबण्याची वाट बघत नाही. एक वाक्य तोंडात, पुढचं कानात! प्रतिनिधी खुर्चीतलं बटण फिरवून हवी ती भाषा निवडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ मध्ये न्यूरेंबर्गला जो खटला चालला, तिथे चार भाषांत ही पद्धत पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. या कामाने डोकं इतकं शिणतं की साधारण अर्ध्या तासाने दुसरा दुभाष्या सूत्रं हातात घेतो. विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. आकाशवाणीच्या हिंदी बातम्या ऐकता ऐकता मराठीत बोलत जा. तिसऱ्या बातमीला मुख्यमंत्र्यांनी पाऊस पाडलेला असेल.

तर, खांब. ते कसे गेले?

त्याचं उत्तर आहे सळई. काँक्रीट म्हणजे एका अर्थी मनासारख्या आकारात ओतता येणारा दगड. तो दाब झेलतो, ताण झेलत नाही. पोलादाला ताण झेलता येतो. मग खोडरबराच्या रेघा जिथे फाकल्या होत्या तिथे, म्हणजे तुळईच्या खालच्या भागात, पोलादी सळ्या घालायच्या. झाली तुळई लांब. गावात स्लॅब पडायच्या आदल्या दिवशी सळ्यांची जाळी बघायला मिळते. मोठा माणूस सोबत घेऊनच जा, आणि तुळईच्या साच्यात डोकवा. दोन आधारांच्या मधल्या भागात जाड सळ्या वर आहेत की खाली? गवंडीकाकांना कारण विचारा.

दुसरं उत्तर भंडाऱ्यातल्या कुठल्याही राईस मिलमध्ये बघायला मिळेल. पत्र्याच्या शेडखाली उभं राहून वर बघा. लोखंडी पट्ट्यांच्या कैच्या दिसतील. त्रिकोण, त्रिकोण, त्रिकोण. चौकोन कशाला नाही? चार काड्या टोकांना दोऱ्याने बांधून चौकोन करा आणि दाबा. तो तिरका होऊन बसतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबा. बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलूच शकत नाही. म्हणून कमी लोखंडात लांब छप्पर पेलायचं तर कैची.

ही कैची चहूबाजूंनी पसरवली तर? दिल्लीच्या प्रगती मैदानावर १९७२ साली ‘हॉल ऑफ नेशन्स’ बांधला गेला तेव्हा हेच केलं. राज रेवाल हे वास्तुरचनाकार, महेंद्र राज हे अभियंता. अशी जाळी पोलादी नळ्यांची करतात, पण तेव्हा आपल्याकडे पोलाद फार महाग पडत होतं. म्हणून त्यांनी ती जाळी काँक्रीटची केली! मजुरांनी एकेक तिरका दांडा जागेवर ओतला. आत ७० मीटरहून अधिक रुंदीची मोकळी जागा होती आणि मधे एकही खांब नव्हता. ही इमारत एप्रिल २०१७ मध्ये पाडण्यात आली. त्या मैदानावर आता ‘भारत मंडपम्’ हे शंखाच्या आकारावरून सुचलेलं प्रचंड परिषदगृह आहे. २६ जुलै २०२३ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि दीडच महिन्यात जी-२० शिखर परिषद तिथेच भरली. नवं जरूर बांधावं. पण हातांनी ओतलेली ती जाळी तुम्हाला बघायला उरायला हवी होती, असं मला अजून वाटतं.

आता नागपूरला परत येऊ. भंडाऱ्याहून एसटीने दीड-दोन तास.

ज्या मैदानावर १९५६ साली डोक्यावर छप्पर नव्हतं, तिथे १९७८ मध्ये दीक्षाभूमीच्या स्तूपाचं काम सुरू झालं. वास्तुरचनाकार होते शिवदान मल. १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. व्यास १२० फूट आणि उंचीही १२० फूट. चार दिशांना चार दारं. बाहेरून बघाल तर सांचीची आठवण येते. मात्र पवनीचा आणि सांचीचा स्तूप भरीव, आणि हा पोकळ! इथे माणसं स्तूपाच्या भोवती जमतात तशी पोटातही जमतात. जगातला सर्वांत मोठा पोकळ स्तूप म्हणून तो ओळखला जातो.

भरीव स्तूप उभा करायला मेहनत लागते, पण तो पडायची भीती फारशी नसते. आत सगळी भरच आहे, पडणार कुठे? पोकळ केला की गाठ घुमटाशी पडते. घुमट म्हणजे गोल फिरवलेली कमान. आणि कमान बाहेर ढकलते, हे आपण पुस्तकांच्या गठ्ठ्यावर पाहिलंय. घुमटाचा खालचा घेर सगळीकडून बाहेर सरकू बघतो. रोमच्या सेंट पीटर चर्चच्या घुमटाला अशाच भेगा पडल्या होत्या. अठराव्या शतकात त्याला बाहेरून लोखंडी कडी आवळावी लागली. आजच्या काँक्रीटच्या घुमटात ही कडी पोटातच असते, गोल वाकवलेल्या सळ्यांची. दिसत नाही, पण घेर धरून ठेवण्याचं काम तिचंच.

छत टिकलं, खांब गेले. आता सगळ्यांना दिसेल. पण ऐकू येईल का? इथे घुमट जरा त्रास देतो.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो. भिंतीवर आपटून तो परत येतो. मूळ आवाज आणि परतलेला आवाज यांत एक दशांश सेकंदापेक्षा जास्त अंतर पडलं की कानाला ते दोन वेगळे आवाज वाटतात. तोच प्रतिध्वनी. तेवढ्या वेळात आवाज ३४ मीटर जातो. म्हणजे भिंत १७ मीटरपेक्षा लांब असेल तर गडबड सुरू. त्यात घुमटाची आतली बाजू खोलगट. ती आवाज गोळा करून पुन्हा आपल्याकडेच पाठवते. विजापूरचा गोल घुमट आठवा. वरच्या सज्जात भिंतीशी कुजबुजलं की समोरच्या टोकाला कान लावलेल्याला स्पष्ट ऐकू येतं, आणि एक टाळी कितीतरी वेळा परतून येते. सहलीला मज्जा. पण तिथे कुणी भूगोलाचा तास घेतला, तर ‘गंगा’ म्हणेपर्यंत आधीचा ‘हिमालय’ परत येऊन त्यावर बसेल.

म्हणून परिषदगृहाच्या भिंतींवर लाकडाच्या भोकाभोकांच्या फळ्या बसवतात, त्यांच्यामागे मऊ भर असते. आवाज भोकांत शिरतो आणि तिथेच मुरतो. खाली गालिचा, खिडक्यांना जाड पडदे. आणि खुर्च्या! त्या जाडजूड गादीच्या असतात, त्या काही फक्त बसणाऱ्याच्या सुखासाठी नव्हेत. माणसाचं शरीर आणि कपडेही आवाज शोषतात. रिकाम्या खुर्चीने जवळजवळ माणसाएवढाच आवाज शोषला, तर सभागृह भरलेलं असो की अर्धं रिकामं, ऐकू सारखंच येतं.

आपल्या झाडीपट्टीतल्या नाटकवाल्यांना या फळ्या कधी लागल्या नाहीत. धान घरात आलं, बैलांच्या शर्यतींचा शंकरपट भरला की रात्री कापडी मांडवात नाटक उभं राहतं. हजारो माणसं पहाटेपर्यंत बसतात. तिथे आवाज घुमत नाही, कारण परतायला भिंतच नाही! कापडातून, वरून, बाजूने तो निघून जातो. त्याची किंमतही मोजावी लागते. मागच्या रांगेपर्यंत पोचायचं तर नटाला छातीतून बोलावं लागतं, किंवा भोंगे लावावे लागतात. बंद सभागृहात भिंती आवाज थोडा परत देतात, उघड्यावर काहीच देत नाहीत. दोन्हींच्या मधलं नेमकं माप साधणं हाच या शास्त्रातला अवघड भाग.

आता तुमचं काम. तुमच्या गावातलं सभागृह, समाजमंदिर किंवा शाळेचा हॉल रिकामा असताना परवानगी घेऊन आत जा. मधे उभं राहून एकच कडक टाळी वाजवा आणि ती किती वेळ घुमते ते ऐका. मग हॉल भरलेला असताना, कार्यक्रम सुरू होण्याआधी, तीच टाळी पुन्हा वाजवा. फरक पडला का? का पडला? छताला खांब किती आहेत, कैच्या आहेत की स्लॅब, आवाज शोषणारं काय काय आहे, हे सगळं आकृती काढून आम्हाला पाठवा. पवनीला गेलात तर जगन्नाथ टेकडीभोवती एक चक्कर पावलं मोजत मारा, आणि तो आकडाही पत्रात लिहा.